डिस्ने वर्ल्ड भर पावसाळ्यात: पैसे परत मिळत नाहीत, तरी जावं का?

जून उजाडला की आमच्या अटलांटाच्या मराठी ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतोच, की सासू-सासरे भारतातून आलेत, मुलांना सुट्टी आहे, ऑर्लँडोला डिस्नेला जायचं बुकिंग झालंय आणि आता वेदरच्या अ‍ॅपमध्ये बघितलं तर आठवडाभर रोजच्या रोज ढग आणि वीज दाखवतायत, तर कॅन्सल करू का. मी दरवेळी तेच टाईप करून कंटाळले म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते. थोडक्यात उत्तर: कॅन्सल करू नका, बिनधास्त जा. पण तिथला पाऊस कसा असतो, पार्क त्यात काय बंद करतं आणि पैशाचं काय होतं हे आधी डोक्यात स्पष्ट असू द्या, नाहीतर दुपारी तीन वाजता घरचे सगळे एकमेकांवर वैतागलेले असतील आणि खापर तुमच्यावर फुटेल.

आधी अ‍ॅपमधल्या त्या चित्राचं. फ्लोरिडाला उन्हाळ्यात रोजच वीज दाखवतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दोन्ही बाजूंना समुद्र, एकीकडे अटलांटिक आणि दुसरीकडे गल्फ म्हणजे मेक्सिकोचं आखात, सकाळी जमीन तापायला लागली की दोन्हीकडून गार वारा आत घुसतो आणि बरोबर मधोमध, म्हणजे ऑर्लँडोच्या आसपास, ते वारे एकमेकांना भिडतात, हवा वर चढते आणि दुपारी दोन-तीनच्या सुमाराला आभाळ फाटतं. तासभर, फार तर दोन तास धो धो. मग परत ऊन. आपल्याकडे जुलैत जशी दिवसेंदिवस झड लागते, कपडे वाळत नाहीत, तसलं हे नाहीच, हा रोज ठरल्या वेळी येणारा वळीव समजा, तसाच घाम काढून मग कोसळणारा, तसाच कडकडाट करणारा. त्यामुळे ‘पावसाची शक्यता ७० टक्के’ हे वाचून दिवस रद्द करायचा असेल तर जून ते सप्टेंबर तुम्ही तिथे जाऊच शकत नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि हीच आपल्या लोकांना पटत नाही. राईड्स पावसाने बंद पडत नाहीत, विजेने पडतात. साध्या पावसात तिथे बऱ्याच उघड्यावरच्या राईड्स सुरू असतात, लोक पाँचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट, घालून मजेत बसतात. पण जवळपास वीज दिसली की उघड्यावरचं सगळं थांबलं, मग तुमच्या डोक्यावर एक थेंब पडलेला नसला तरीही. आमचे बाबा, म्हणजे सासरे, तासगावकडचे, सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलंय, पाऊस म्हटलं की त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं असं त्यांचं स्वतःचं मत आहे आणि ते बरोबरही आहे. डिस्नेच्या चार पार्कांपैकी मॅजिक किंगडममध्ये आम्ही सात बुटक्यांच्या खाणीतल्या गाडीच्या लाईनीत अगदी दाराजवळ पोचलो होतो आणि स्पीकरवर सांगितलं, वेदरमुळे राईड बंद. बाबांनी वर बघितलं, लख्ख ऊन. “अगं एवढं ऊन पडलंय की, मग बंद कशापायी?” मी म्हटलं बाबा, लांबवर वीज चमकलीय. तर म्हणाले, “लांब चमकलीय तर लांबचं बंद करा म्हणावं.” मागे उभा असलेला एक गुजराती माणूस एवढा हसला. पण पंधरा-वीस मिनिटांत तेच आभाळ काळंकुट्ट झालं आणि असा एक कडाका झाला की आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, नातवाचे कान झाकले, मग बाबा काही बोलले नाहीत.

आणि विचार केला तर कारण अगदी साधं आहे. उंच लोखंडी चढणीवर गाडी भरून माणसं आहेत, वीज आल्यावर तिथून सगळ्यांना खाली उतरवायचं म्हटलं तर वेळ लागतो, त्यामुळे वीज डोक्यावर यायची वाट बघून चालतच नाही, लांब असतानाच बंद करावं लागतं. परत सुरू करायचंही तसंच आहे, अमेरिकेतलं हवामान खातं लोकांना सांगतं की शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास आतच थांबा, म्हणजे मध्येच एकदा गुरगुरलं की घड्याळ परत शून्यावर. पार्कची स्वतःची यंत्रणा असते पण धोरण याच वळणाचं आहे. म्हणून पाऊस थांबून ऊन पडलं, रस्ते वाळायला लागले तरी डिस्नेच्या अ‍ॅपवर ‘टेम्पररी क्लोज्ड’ दिसतं आणि लोक तिथल्या मुलामुलींवर ओरडतात. त्या लाईनीवर उभ्या असलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीला विचारून काय उपयोग आहे, तिला पण माहीत नसतं किती वेळ लागेल, ती हसून तेच वाक्य परत म्हणते. मला त्यांचं खरंच कौतुक वाटतं, असे शेकडो भिजलेले, चिडलेले लोक रोज दुपारी अंगावर घ्यायचे म्हणजे चेष्टा नाही.

आता पैशाचं. डिस्नेच्या थीम पार्कमध्ये पाऊस पडला म्हणून पैसे परत मिळत नाहीत, दुसऱ्या दिवशीचा पासही मिळत नाही. एकदा गेटमधून आत गेलात की तो दिवस वापरला, मग तुम्ही दहा राईड घेतल्या का दोन तास दुकानाच्या छपराखाली उभे राहिलात हा तुमचा प्रश्न. तिकिटं तारखेप्रमाणे असतात, एका दिवसाचं मोठ्या माणसाचं तिकिट सीझन बघून साधारण १२० ते २०० डॉलरमध्ये कुठेही असतं, म्हणजे आजी-आजोबा धरून सहा जणांचं कुटुंब नेलंत तर नुसतं आत जायचे किती होतात ते तुम्हीच करा, रुपयात तर अजिबात करू नका. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, की तुम्ही गेटवर गेलाच नाहीत आणि तिकिट न वापरता त्याची मुदत संपली तरी ती रक्कम अगदी बुडत नाही, पुढच्या तिकिटात वळती करून घेता येते, वरचा फरक भरायचा. मुदत संपायच्या आधी तारीखही बदलता येते, तेव्हाही फरक भरायचा. म्हणजे सकाळी उठून खरंच भयानक हवामान असेल तर आत जायच्या आधीच निर्णय घ्या, आत गेल्यावर नाही.

मला हे धोरण पटतं का? अर्धं. चार-पाच दिवसांचं तिकिट घेऊन आलेल्या माणसाच्या बाबतीत पटतं, कारण रोजच दुपारी पाऊस असतो, रोज पैसे परत द्यायचे म्हटलं तर उन्हाळाभर पार्क बंदच ठेवावं लागेल, आणि तिथे आतल्या आत बघण्यासारखं इतकं आहे की पावसात दिवस वाया जात नाही. पण जो माणूस न्यू जर्सीहून किंवा थेट पुण्याहून येऊन एकाच दिवसाचं तिकिट घेतो, दुपारी बारा वाजता पोचतो आणि नेमका त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत गडगडत राहतं, त्याला निदान पुढच्या दोन दिवसात अर्ध्या किमतीत आत घ्यायला काय हरकत आहे? एवढी मोठी कंपनी, एवढं करायला काही जड नाही त्यांना. तर एकाच दिवसासाठी उन्हाळ्यात जाऊ नका हा माझा सल्ला, आणि जायचंच असेल तर सकाळी गेट उघडायच्या आधी गेटवर उभे राहा. सकाळचे पहिले चार तास हाच तुमचा खरा दिवस. उघड्यावरचं सगळं तेव्हाच उरकायचं, बारानंतर छपराखालचं. आपली मंडळी हॉटेलमध्ये निवांत चहा, आंघोळी, मग पोहे, मग अकरा वाजता निघणार, आणि मग म्हणणार डिस्नेत काही बघायलाच मिळालं नाही.

लायटनिंग लेनचं पण सांगते, म्हणजे पैसे देऊन छोट्या लाईनीतून जायची सोय. त्यात मल्टी पास, म्हणजे बऱ्याच राईड्ससाठी मिळून एकच पास, घेतला असेल आणि तुमच्या ठरलेल्या वेळेत राईड वेदरमुळे बंद पडली तर तो पास वाया जात नाही, आपोआप असा बदलतो की तो दुसऱ्या काही राईड्सना वापरता येतो. अ‍ॅप नीट बघा, बऱ्याच जणांना ते मेसेज कळतच नाहीत आणि लोक गेस्ट सर्व्हिसच्या निळ्या छत्रीखाली उन्हात अर्धा तास उभे राहतात.

आता कुठलं पार्क पावसात कसं आहे ते, कारण चारही सारखी नाहीत. सर्वात सोयीचं मॅजिक किंगडम, १९७१ सालचं, सगळ्यात जुनं, आणि जुनं असल्यामुळेच त्यात आत बसायच्या गोष्टी भरपूर. हॉन्टेड मॅन्शन, पायरेट्स, स्मॉल वर्ल्ड, पीटर पॅन, अंधारातला स्पेस माउंटन हे सगळं छपराखाली. डंबो, ट्रॉन, टियानाची होडी, जंगल क्रूझ हे सगळं विजेत बंद. आणि वादळ ऐन भरात असताना माझी आवडती जागा म्हणजे कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेला खेळ आहे, मधलं स्टेज जागेवर राहतं आणि प्रेक्षकांच्या खुर्च्या त्याभोवती गोल फिरतात, वीसेक मिनिटांचा, लाईन जवळजवळ कधीच नसते, एसी गार आणि खुर्च्या मऊ. मुलं कंटाळतील, आजी-आजोबांना डुलकी लागेल, दोन्ही चालतं. आमच्या आई तर म्हणाल्या परत एकदा बसू या का, मी म्हटलं चला. दुपारची परेड पावसाने रद्द झाली तर कधीकधी त्याऐवजी छोटी पावसाळी मिरवणूक काढतात, सगळी पात्रं रेनकोट घालून गाडीतून हात हलवत जातात, आणि त्यावेळी रस्त्यावर गर्दी नसते त्यामुळे माझ्या लेकीला मिकी अगदी हातभर अंतरावरून दिसला, नेहमीच्या परेडला तिला लोकांच्या पाठी दिसतात.

एपकॉट, १९८२ चं, त्याचा पुढचा अर्धा भाग पावसात उत्तम आणि मागचा अर्धा वाईट. मागे अकरा देशांची दालनं तळ्याभोवती पसरलेली आहेत, चालायचं सगळं उघड्यावर, भिजलात की भिजलात. पण पुढे ‘द लँड’ नावाची एक मोठी इमारत आहे, आकाशात काळं दिसायला लागलं की सरळ तिथे घुसा. आत सोअरिन ही उडाल्यासारखं वाटणारी राईड आहे, खायची भरपूर सोय आहे आणि लिव्हिंग विथ द लँड ही होडीची राईड आहे जी खऱ्या ग्रीनहाऊसमधून जाते. बाबांना मी सगळं डिस्ने दाखवलं, किल्ला दाखवला, आतषबाजी दाखवली, त्यांचं आपलं “बरं आहे, बरं आहे”. या होडीत बसल्यावर मात्र माणूस सरसावून बसला. मातीशिवाय लटकत वाढणारी टोमॅटोची वेल, हवेत मुळं सोडून त्यावर पाण्याचा फवारा, भले मोठे भोपळे जाळीत टांगलेले, आणि त्यांचं सुरू, हे ठिबक कसं केलंय, हे पान पिवळं का पडलंय, याला अमकं कमी पडतंय बघ. बाहेर कडकडाट चालू होता, आम्ही लागोपाठ परत लाईनीत. घरी सांगलीला व्हिडिओ कॉल लावून चुलत्यांना लाईव्ह दाखवलं. पाऊस नसता तर आम्ही त्या इमारतीत दहा मिनिटंसुद्धा थांबलो नसतो हे खरं आहे. शेजारीच ‘द सीज’चं मत्स्यालय आहे, तेही तासभर आरामात जातं. गार्डियन्सची कॉस्मिक रिवाइंड ही रोलर कोस्टर पूर्ण आतमध्ये आहे, मोठ्या मुलांना तिथे पाठवा.

हॉलिवूड स्टुडिओज पावसाच्या बाबतीत मधल्यामध्ये. राइज ऑफ द रेझिस्टन्स, मिलेनियम फाल्कन, मिकी-मिनीची रेल्वे, टॉय स्टोरी मेनिया, सगळं आत. पण मुलांना ज्यासाठी जायचं असतं ती स्लिंकी डॉगची गाडी उघड्यावर आहे आणि ती नेमकी पहिली बंद पडते, म्हणून सकाळी पहिलं तेच. रात्रीचा फॅन्टास्मिक हा शोही उघड्यावर, विजेत रद्द होतो.

अ‍ॅनिमल किंगडम मात्र पावसाळी दिवशी शेवटी ठेवा. पार्कच जंगलासारखं, सगळं चालणं झाडीतून, वाघ, गोरिला, माकडं सगळं उघड्यावर. सफारी साध्या पावसात चालू असते आणि खरं सांगायचं तर रिमझिम असेल तर प्राणी जास्त फिरताना दिसतात, दुपारच्या उन्हात सिंह नुसता दगडावर पसरलेला असतो. पण वीज आली की सफारी बंद, एव्हरेस्टची गाडी बंद, कालीची नदी बंद. मग मुख्यतः राहिलं काय तर पँडोरा म्हणजे ‘अवतार’ सिनेमाच्या भागातल्या दोन राईड, लायन किंगचा शो आणि नेमोचा शो, आणि पार्कातली सगळी जनता तिथेच. पँडोरातल्या फ्लाइट ऑफ पॅसेजची लाईन तेव्हा बघवत नाही.

युनिव्हर्सलचं, म्हणजे ऑर्लँडोतल्याच दुसऱ्या कंपनीच्या पार्कांचं, वेगळं लिहावं लागेल, पण २०२५ च्या मे महिन्यात उघडलेल्या त्यांच्या एपिक युनिव्हर्सला जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की तिथे मोठमोठ्या राईड उघड्यावर आहेत आणि सावली कमी आहे, त्यामुळे तिथेही सकाळ हीच वेळ.

आता लोक जिथे पैसे घालवतात ते. पाँचो घरून न्या. आत डिस्नेचा मिकीवाला पाँचो मिळतो, जाड असतो, चांगला असतो, पण दहा-बारा डॉलरच्या वर जातो आणि सहा जणांचे घेतले की झालं एका जेवणाचं बिल. डॉलर स्टोअरमध्ये दीड-दोन डॉलरला पातळ मिळतो, एकदा वापरून टाकायचा. छत्री नेऊ नका असं मी म्हणणार नाही, आईंना छत्रीशिवाय चैन पडत नाही, पण गर्दीत छत्रीच्या काड्या लोकांच्या डोळ्यात जातात आणि वाऱ्यात ती उलटीच होते. पायात बूट-मोजे नकोत. ओले मोजे घालून दिवसभर पंधरा-वीस हजार पावलं चाललात तर पायाला फोड ठरलेले. मागे पट्टा असलेले सँडल किंवा क्रॉक्स. मुलांची ढकलगाडी (स्ट्रोलर) असेल तर तिला प्लास्टिकचं आवरण हवंच, कारण राईडला जाताना ती बाहेर लावून जावी लागते आणि परत आल्यावर सीटमध्ये तळं झालेलं असतं. आणि एक पातळ स्वेटर, हो, फ्लोरिडात, ३३ डिग्रीत. ओल्या अंगाने त्यांच्या एसीत शिरलात की दात वाजतात, आमच्या धाकटीला एकदा त्यानंतर ताप भरला होता. मी तर सगळ्यांचा एकेक कोरडा टी-शर्ट झिपलॉकच्या पिशवीत भरून घेते, नवरा हसतो आणि पहिला तोच मागतो.

दुपारी वादळ सुरू झालं की निम्मं पार्क गेटकडे पळत सुटतं. तुम्ही पळू नका. एक तर त्यावेळी बाहेर पडणंच सगळ्यात अवघड असतं. स्कायलायनर म्हणजे ते रोपवेचे डबे विजेत बंद, होड्या बंद, मग सगळी जनता बसच्या लाईनीत, बस भरून भरून जातात आणि तुम्ही वळणावळणाच्या रेलिंगमध्ये ओलेचिंब उभे. कार असेल तरी तीच कथा, पार्किंगमधून बाहेर पडायलाच वेळ जातो. त्यापेक्षा आत कुठेतरी बसा, कॉफी घ्या, पोरांना आइस्क्रीम द्या, आणि पाऊस उतरायला लागला की हळूच तुम्हाला हव्या त्या उघड्यावरच्या राईडच्या आसपास जाऊन थांबा. आधी रिकाम्या गाड्या फिरवून बघतात, ती रिकामी गाडी फिरताना दिसली की समजायचं थोड्या वेळात उघडणार. आमचा सात बुटक्यांच्या खाणीचा राहिलेला नंबर त्याच संध्याकाळी असाच लागला, सकाळी जिथे दीड तासाचा बोर्ड होता तिथे आम्ही वीस मिनिटांत आत. बाबा खाली उतरून म्हणाले, “आता खरं पैसे वसूल झाले.” रात्रीची आतषबाजी नुसत्या पावसात होते बरं का, वीज आणि जोराचा वारा नसेल तर रद्द करत नाहीत. ओल्या रस्त्यावर ते सगळे रंग दिसतात आणि गर्दी निम्मी, माझ्या मते पावसाळ्यातली आतषबाजी डिसेंबरपेक्षा शंभरपट बरी.

खाण्याचं थोडंसं, कारण बाबा-आई शाकाहारी. व्हेज शोधायला आता तिथे त्रास होत नाही, जवळजवळ सगळीकडे काहीतरी मिळतं, पण तिसऱ्या दिवशी ज्येष्ठांना भात-आमटीची आठवण येतेच. त्यासाठी अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातलं सना हे रेस्टॉरंट. पार्कचं तिकिट लागत नाही. तिथे ब्रेड सर्व्हिस म्हणून नान-पापडासारखे प्रकार आणि सोबत नऊ तऱ्हेच्या चटण्या-लोणची येतात, आणि खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रा फिरत असतात. पार्कातून वैतागून बाहेर पडलेल्या पावसाळी संध्याकाळी याच्यासारखं दुसरं काही नाही. टेबल आधी बुक करा. आईंनी आंब्याचं लोणचं चाखून “मीठ कमी आहे” असं सांगितलं आणि वाटी पुसून खाल्ली.

उन्हाळ्यात वॉटर पार्क घ्यावं का असं विचारतात, “नाहीतरी भिजायचंच आहे ना” म्हणून. भिजायचं आहे पण वीज आहे ना. पाण्यातून सगळ्यांना बाहेर काढतात आणि तुम्ही टॉवेल गुंडाळून काकडत बसता. तिथेही सकाळीच जा, दोनपर्यंत आटोपा.

हे सगळं रोजच्या पावसाचं. चक्रीवादळाचं, म्हणजे हरिकेनचं, प्रकरण पूर्ण वेगळं. त्याचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर आणि खरा जोर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. डिस्ने सहसा बंद होत नाही पण होतं. २०२२ मध्ये इयानच्या वेळी २८ आणि २९ सप्टेंबरला बंद होतं, २०२४ मध्ये मिल्टनच्या वेळी ९ ऑक्टोबरला दुपारीच बंद केलं आणि १० ला पूर्ण दिवस बंद. दिवाळीच्या सुट्टीत भारतातून येणाऱ्यांनी हे बघून ठेवा. इथे मात्र डिस्नेचं धोरण चांगलं आहे, तुम्ही पोचायच्या आधीच्या सात दिवसांत नॅशनल हरिकेन सेंटरने ऑर्लँडो भागासाठी किंवा तुम्ही राहता त्या भागासाठी हरिकेनचा इशारा दिला असेल तर डिस्नेकडून थेट घेतलेलं पॅकेज किंवा बहुतेक खोल्यांचं बुकिंग त्यांचा दंड न भरता पुढे ढकलता येतं किंवा रद्द करता येतं, आधी फोन करायचा एवढंच. पण हे फक्त त्यांच्या स्वतःच्या बुकिंगला. मुंबईहून घेतलेलं विमानाचं तिकिट, बाहेरचं हॉटेल, भाड्याची गाडी हे सगळं तुमचं तुम्ही, त्याला इन्शुरन्स घ्या आणि वादळाला नाव पडायच्या आधी घ्या, नंतर घेतलेला त्या वादळाला बहुतेक चालत नाही.

आणि तिकिटं कुठून घ्यायची हेही त्यातच आलं. थेट डिस्नेकडून घ्या किंवा अधिकृत विक्रेत्याकडून. माझ्या दिराने दहा-पंधरा डॉलर वाचतात म्हणून ऑनलाइन एका एजंटकडून घेतली होती, नाव लिहीत नाही, त्याच्या पानावर मोठ्या अक्षरात ‘पावसाची काळजी नको’ असं काहीतरी होतं. दिवसभर गडगडाट झाल्यावर त्याला मेल केला तर उत्तर आलं की त्याचा अर्थ पाँचो मोफत असा आहे. पाँचो पण आम्हाला मिळाला नव्हताच, तो त्याच्या किसिमीच्या (ऑर्लँडोजवळचं गाव) ऑफिसमधून सकाळी नऊच्या आत जाऊन घ्यायचा होता म्हणे. डिस्नेच्या गेटवरच्या बाईने तिकिट बघून अगदी गोड आवाजात सांगितलं की हे आमच्याकडून घेतलेलं नाही, तुम्ही त्यांच्याशीच बोला, आणि तिचं काही चुकलं नाही. दीर अजून मेल करतोय.